साकव
कोकणात ओढा, वहाळ किंवा पऱ्ह्या पायी ओलांडण्यासाठी घातलेला अरुंद पूल. ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वाड्या-वस्त्यांना पावसाळ्यात शेत, शाळा व बाजाराशी तो जोडून ठेवतो. पारंपरिक साकवात दोन्ही काठांवर दगड रचून त्यांवर माडाचे किंवा पोफळीचे सोट आडवे टाकतात. पात्र रुंद असल्यास मध्ये बेचक्याच्या खांबांचा आधार देतात. वर बांबू अंथरून ते सुंभाने किंवा रानवेलींनी आवळतात. धरायला एका बाजूस बांबूचा कठडा असतो. लाकूड कुजते, पुरात वाहूनही जाते. म्हणून पावसाच्या तोंडावर गावकरी श्रमदानाने डागडुजी करतात. अलीकडे शासकीय निधीतून लोखंडी व काँक्रीटचे साकव बांधले जातात.

श्रमदानाने पूल राखण्याच्या अशाच सामूहिक परंपरेचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे पेरूतील अपुरिमाक नदीवरील केसवाचाका हा इंका पद्धतीचा गवती झुलता पूल. सुमारे २८ मी. लांबीचा हा पूल चार गावे मिळून दरवर्षी जूनमध्ये नव्याने विणतात. २०१३ मध्ये यूनेस्कोने या परंपरेचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.