कॉफीत अंडं कुठून आलं? हनोईच्या टंचाईची खाद्यकहाणी

ट्रेनमध्ये असाल, बसमध्ये असाल किंवा घरी भांडी घासता घासता ऐकत असाल, आजचा भाग खाण्यापिण्याचा आहे. त्यामुळे पोटात काहीतरी टाकूनच बसा. आणि जे ऐकत नाहीत, वाचतात, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लिहून काढलेला भाग.

सध्या ज्याला बघावं तो व्हिएतनामला निघालाय. रील उघडली की दा नांगजवळचा तो दोन अजस्र हातांवर तोललेला सोनेरी पूल, होई आनचे रंगीत कंदील, हा लाँगच्या बोटी. आणि या सगळ्यात एक रील हमखास असते. छोटासा कप, वर पिवळसर फेसाचा जाड थर, आणि खाली लिहिलेलं असतं ‘एग कॉफी’. कमेंटमध्ये निम्मे लोक म्हणतात, "ई! कॉफीत अंडं?"

तर आज आपण तोच प्रश्न घेऊ. कॉफीत अंडं कुठून आलं? उत्तर शोधता शोधता हनोईतले आणखी तीन पदार्थ चाखू. आणि शेवटी तुम्हाला एक काम सांगणार आहे, तेव्हा मध्येच बंद करू नका.

दूध संपलं, मग अंडं आलं

कॉफी मुळात व्हिएतनामची नाही. १८५७ च्या सुमारास फ्रेंच मिशनऱ्यांनी तिथे कॉफीची रोपं नेली. पुढे फ्रेंच सत्ता आली, मळे वाढले. आज कॉफीच्या उत्पादनात ब्राझीलनंतर दुसरा नंबर व्हिएतनामचा लागतो. पण तिथे पिकते ती मुख्यतः रोबस्टा. चवीला कडक आणि कडू. ती कोरी पिणं प्रत्येकाला जमेल असं नाही.

बरं, मग दूध घाला की! इथेच गंमत आहे. आपल्यासारखी दारात गवळी, घरात दही, ताक, तूप अशी परंपरा तिथे नव्हती. गाय आणि म्हैस असायची ती भाताच्या खाचरात राबायला. शिवाय उष्ण दमट हवेत ताजं दूध टिकणार कसं? म्हणून फ्रेंच लोक डब्यातलं गोड, घट्ट दूध आणायचे. आपण ज्याला कंडेन्स्ड मिल्क म्हणतो तेच. कडू कॉफी आणि गोड दूध यांची जोडी अशी काही जमली की ती आजतागायत सुटलेली नाही. ग्लासाच्या तळाशी घट्ट दूध, वर ‘फिन’ नावाचा छोटा धातूचा गाळणीचा डबा, त्यातून थेंब थेंब पडणारी कॉफी, आणि मग बर्फ. हीच ‘का फे सुआ दा’. पाच मिनिटं थेंबांकडे बघत बसावं लागतं, घाई असेल तर नादी लागू नका.

आता १९४६ सालात या. दुसरं महायुद्ध संपलंय. वर्षभरापूर्वी, १९४५ मध्ये, उत्तर व्हिएतनाममध्ये भयानक दुष्काळ पडून लाखो माणसं भुकेनं मेलीत. हो ची मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलंय, पण फ्रेंच काही देश सोडायला तयार नाहीत. त्या डिसेंबरात हनोईच्या रस्त्यांवर लढाईच सुरू झाली. अशा शहरात दुधाचा डबा मिळणं मुश्कील.

हनोईत मेट्रोपोल नावाचं फ्रेंच काळातलं बडं हॉटेल आहे, १९०१ पासूनचं. चार्ली चॅप्लिन तिथे राहून गेलाय. या हॉटेलात न्गुयेन वान ज्यांग नावाचे गृहस्थ कामाला होते. दूध नाही, पण वरचा तो मऊ फेस तर हवा. त्यांनी अंड्याचा पिवळा बलक साखरेसोबत खूप फेटला आणि गरम कॉफीवर घातला. झाली ‘का फे चुंग’, म्हणजे अंड्याची कॉफी. पुढे त्यांनी स्वतःचं दुकान काढलं. कॅफे ज्यांग आजही हनोईच्या जुन्या भागात, न्गुयेन हू हुआन रस्त्यावर ३९ नंबरला आहे. रस्त्यावरून दिसते फक्त एक अरुंद बोळ. आत गेलं की बुटकी स्टुलं आणि गर्दी.

कप येतो तो गरम पाण्याच्या वाटीत ठेवून, कारण थंड झाली की अंड्याचा वास जाणवायला लागतो. चव? खाली कडक कॉफी, वर जणू कस्टर्ड. चमच्यानं आधी थोडा फेस खायचा, मग हळूहळू ढवळून प्यायची. आता दूध मुबलक आहे, फेटताना त्यात कंडेन्स्ड मिल्कही घालतात. म्हणजे ज्याची उणीव भरायला अंडं आलं, ते दूध परत आलं, पण अंडं काही गेलं नाही.

बिनवैमानिकाचा फो

दुसरा पदार्थ फो. तांदळाच्या चपट्या शेवया, तासन्‌तास उकळलेला मसालेदार रस्सा, वर मांसाचे काप आणि पातीचा कांदा. रश्शात दालचिनी आणि चक्रीफूल असतं, म्हणजे वास तरी आपल्या ओळखीचा. लोक तो सकाळी सकाळी न्याहारीला खातात.

फोचं वय तसं फार नाही, शंभर-सव्वाशे वर्षं. हनोई आणि जवळच्या नाम दिन्ह भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रुजला. शेतात राबणारं जनावर कापून खायची पद्धत तिथे फारशी नव्हती. फ्रेंचांना मात्र गोमांस हवं असायचं. ते चांगले तुकडे घेऊन जायचे आणि हाडं उरायची. ती हाडं उकळून, चिनी पद्धतीच्या शेवया घालून फेरीवाले विकायला लागले. यात फ्रेंच वाटा किती, चिनी किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण साहेबाच्या ताटातून जे उरलं त्यातून रस्त्यावरचा माणूस जेवला, एवढं नक्की. १९३९ च्या सुमारास आठवड्यातले काही दिवस गोमांस विकायला बंदी आली आणि त्या दिवसांसाठी कोंबडीचा फो निघाला, असंही सांगतात. आज तोही तितकाच लाडका आहे.

१९५४ मध्ये देशाचे दोन तुकडे झाले. आठ-दहा लाख माणसं उत्तरेकडून दक्षिणेत गेली आणि फोही त्यांच्यासोबत गेला. सायगावात त्याच्यावर मोड आलेले मूग, तुळशीसारखी सुगंधी पानं, गोडसर सॉस अशी बरीच सजावट चढली. हनोईकर अजूनही साधा फो खातात आणि दक्षिणेच्या फोला नाकं मुरडतात. पुणे-कोल्हापूर मिसळीवरून जे चालतं, तसंच समजा.

आणि मग अमेरिकेशी युद्ध. उत्तरेत सगळं रेशनवर. हनोईत सरकारी दुकानातून फो मिळायचा, पण त्यात मांसच नसायचं. नुसत्या शेवया आणि पांचट रस्सा. त्या काळात अमेरिकेची बिनवैमानिक टेहळणी विमानं आकाशात फिरायची. लोकांनी त्या वाडग्याला नाव दिलं ‘बिनवैमानिकाचा फो’! आत चालवणारा कुणी नाही, म्हणजे मांस नाही. बघा, डोक्यावर विमान आणि पोटात भूक असताना हे सुचलंय.

युद्ध १९७५ ला संपलं, पण रेशन संपलं नाही. १९८६ मध्ये ‘दोई मोई’ म्हणजे आर्थिक सुधारणा सुरू होईपर्यंत कुपनं आणि रांगा चालूच होत्या. पहाटे रांगेत नंबर लावायला लोक स्वतःच्या जागी वीट ठेवून जायचे. आणि कुणाचा चेहरा फारच पडलेला असेल तर अजूनही म्हणतात, ‘तांदळाचं रेशनबुक हरवल्यासारखं तोंड झालंय.’

पाव आणि बिअर, थोडक्यात

तिसरा पदार्थ बान्ह मी. फ्रेंचांनी त्यांचा लांबडा पाव आणला, तो सुरुवातीला साहेबांचा आणि महागडा. १९५४ नंतर हनोईहून सायगावात आलेल्या एका जोडप्यानं १९५८ मध्ये ‘होआ मा’ नावाचं दुकान काढलं. त्यांनी ताटात वेगवेगळं वाढायचं ते सगळं पावाच्या पोटात भरून कागदात गुंडाळून दिलं. कामावर जाणाऱ्याला चालता चालता खाता यावं म्हणून. परक्याचा पाव, आपलं सारण, एका हातात मावणारं जेवण. पोर्तुगिजांच्या पावात वडा घालणाऱ्यांना हे आणखी समजावून सांगायला नको.

चौथी बिया होय, म्हणजे हनोईची ताजी, हलकी बिअर. रोज बनते, रोज संपते. पिणारे असाल तर प्या, नसाल तर नुसता ग्लास बघा. हिरवट, जाड, आत बुडबुडे अडकलेले. १९७० च्या दशकात ले हुय वान या डिझायनरनं तो रेखाटला. नवी काच परवडत नव्हती, म्हणून जुनी काच वितळवून बनवला. आता चकचकीत ग्लास सहज मिळतात, तरी हनोईकराला बिया होय त्याच ओबडधोबड ग्लासात लागते.

आणि शाकाहारी मंडळींसाठी एक शब्द पाठ करा: ‘चाय’. तिथे चाय म्हणजे चहा नव्हे, शाकाहारी! बौद्ध परंपरेमुळे ‘चाय’ खाणावळी भरपूर आहेत. बाकी ठिकाणी मात्र नुसती भाजी मागितली तरी तिच्यात माशाचा सॉस असू शकतो, म्हणून विचारून घ्या.

डिसेंबर १९७२

आता पुन्हा त्या मेट्रोपोल हॉटेलात जाऊ. २०११ मध्ये तिथल्या बारची दुरुस्ती चालू असताना जमिनीखाली काँक्रीटचं तळघर सापडलं. ते युद्धकाळातलं बॉम्बपासून लपायचं ठिकाण होतं. १९७२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या बी-५२ विमानांनी हनोईवर बॉम्बवर्षाव केला, तेव्हा गायिका जोन बाएझ त्या शहरात होती आणि तिनं याच तळघरात आसरा घेतला होता.

१९७२ म्हटल्यावर तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना काय आठवतं? दुष्काळ! हनोईवर बॉम्ब पडत होते, त्याच वर्षी महाराष्ट्रात पाऊस पडला नव्हता. आपल्याकडची माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खणायला जात होती. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. कामावर मुलाबाळांना सुकडी मिळायची. मिलोची भाकरी कशी व्हायची, हे विचारलं की त्या पिढीचं तोंड अजून वाकडं होतं.

हनोईनं आपली टंचाई मेनूकार्डावर ठेवली. कुपनांच्या काळातली भांडी, खुर्च्या, फलक यांनी सजवलेले कॅफे तिथे चालतात आणि त्यात बसलेल्या तरुण पोरांना ते कशाबद्दल आहे हे माहीत असतं. आपल्याकडे मिलो आणि सुकडी ही नावं आजी-आजोबांपाशी येऊन थांबलीत. मिलो परत खायला पाहिजे असं नाही हो, त्याची चव कुणालाच आवडली नव्हती. पण त्याचं काय केलं, त्यात काय मिसळलं, पोरांना तो घशाखाली कसा उतरवायला लावला, ही युक्तीसुद्धा ज्यांग यांच्या अंड्याइतकीच हुशारीची होती. फरक एवढाच की ती कुणी विचारली नाही.

तर सुरुवातीला म्हटलं होतं ते काम हे. हनोईला गेलात तर त्या बोळात जरूर शिरा, कपातला फेस चाखा. पण त्याआधी, या रविवारी, घरात बाहत्तरचा दुष्काळ बघितलेलं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा. आजी असेल, मामा असतील, शेजारच्या काकू असतील. मोबाईलचा रेकॉर्डर चालू करा आणि एकच प्रश्न विचारा: "तेव्हा तुम्ही काय खाल्लं?" मग मध्ये बोलू नका, नुसतं ऐका.

जे ऐकाल ते आम्हालाही कळवा. त्यातून एक अख्खा भाग होईल, याची मला खात्री आहे. चला, भेटू पुढच्या भागात. तोवर पोटभर खा आणि ऐकत राहा!