पिन टपालानं आला

2000 सालच्या जुलैमध्ये पुण्यातल्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजत मी 'आयकॅन'चा सभासद व्हायची खटपट करत होतो. डॉट कॉम, डॉट ऑर्ग वगैरे नावांचा कारभार पाहणारी ही कॅलिफोर्नियातली संस्था, 1998 ची. 16 वर्षांपुढच्या कुणीही ई-मेल आणि टपालाचा पत्ता द्यावा, फी नाही, आणि पाच विभागांतून पाच संचालक निवडावेत, असं तिनं जाहीर केलं होतं. सर्व्हरवर इतकी झुंबड, की पान उघडेचना. चौथ्या रात्री अर्ज गेला.

मग पिनची वाट. तो टपालानं यायचा. एकानंच दहा नावांनी मत देऊ नये म्हणून. इंटरनेटची निवडणूक, आणि मदार पोस्टमनवर! पाकीट आलं तेव्हा सभासदत्व पक्कं करायची मुदत उलटली होती. टपालखात्याला मनसोक्त शिव्या दिल्यावर पाहिलं, तर पत्त्यात 411038 चं 411083 मीच केलेलं. पोस्टमननं ते निळ्या पेनानं दुरुस्त केलं होतं.

जगभरातून सुमारे 1 लाख 58 हजार जणांनी नोंदणी केली, 76 हजारांनी ती पक्की केली आणि ऑक्टोबरात मत दिलं 34,035 जणांनी. पहिल्या आकड्यात मी आहे, पुढच्या दोन्हींत नाही. आपल्या आशिया-पॅसिफिकमध्ये 17,745 मतं पडली. निवडून आले फुजित्सूचे मासानोबू कातो. अख्ख्या आफ्रिकेत मतं 130. चहा-वडा ठेवला तर एवढी माणसं आमच्या सोसायटीच्या सभेलाही येतात.

युरोपनं हॅकरांच्या क्लबातला अँडी म्युलर-मागून पाठवला, उत्तर अमेरिकेनं कार्ल आउअरबाख. आउअरबाखनी संस्थेचं दप्तर पाहायला मागितलं, तर आधी अटींवर सही करा म्हणाले. संचालक असून ते कोर्टात गेले आणि जुलै 2002 मध्ये जिंकले. पण अध्यक्ष स्टुअर्ट लिन यांनी फेब्रुवारीतच या निवडणुका नकोत असा प्रस्ताव मांडला होता. ऑक्टोबरात शांघायच्या बैठकीत नवी घटना मंजूर झाली आणि लोकांनी निवडायच्या जागा गेल्या. बदल्यात मिळाली सल्लागार समिती.

2010 मध्ये मताधिकाराची एक खुर्ची परत आली, तीही संघटनांमार्फत भरायची. तिच्यावर पहिले बसले फ्रान्सचे सेबास्तियाँ बाशोले. त्यांच्या निवडीसाठी मला पिन आला नाही, येणारही नव्हता.