‘पिट बुल मिक्स’ : एका पाटीचा इतिहास

गेल्या वर्षी आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे न्यू जर्सीहून पत्र आले. तिथल्या प्राण्यांच्या शेल्टरमधून तिने एक कुत्री दत्तक घ्यायचे ठरवले होते. वय अंदाजे दोन वर्षे, रंग पिंगट, छाती पांढरी. पिंजऱ्यावरच्या पाटीवर जातीच्या रकान्यात लिहिले होते ‘पिट बुल मिक्स’, आणि पुढे प्रश्नचिन्ह. ती राहत होती त्या घराच्या भाडेकरारात पिट बुलला आणि त्याच्या कोणत्याही मिश्र जातीला मनाई होती. सांगलीहून आईने फोनवर बजावले होते, ‘‘दत्ताच्या पायाशी बसतात ती कुत्री वेगळी. ही टीव्हीवर दाखवतात ती.’’ मुलीने आयुष्यात कधी कुत्रा पाळलेला नव्हता. पत्राच्या शेवटी तिने विचारले होते, ‘‘सर, मॅडम, शब्दाचा अर्थ त्याच्या इतिहासात शोधायला तुम्हीच शिकवलंत. मग या पाटीचा अर्थ काय लावायचा?’’

कुत्र्यांविषयीचे आमचे ज्ञान बेताचेच. पण प्रश्न शब्दाचा होता, म्हणून आम्ही तो टाळला नाही. त्या निमित्ताने जे वाचले, त्याचे हे टिपण.

‘पिट’ म्हणजे खड्डा. इथे झुंजीचा आखाडा. ‘बुल’ म्हणजे वळू. इंग्लंडमध्ये खुंटाला बांधलेल्या वळूवर कुत्रे सोडण्याचा खेळ शतकानुशतके चालत होता आणि त्यासाठी पोसलेला कुत्रा तो बुलडॉग. १८३५ च्या प्राणिक्रौर्यविरोधी कायद्याने या खेळांवर बंदी आली. परंतु बंदीने हौस संपत नाही, ती जागा बदलते. वळू लपवणे कठीण. दोन कुत्र्यांची झुंज तळघरातही लावता येते. झुंजीसाठी बुलडॉगची ताकद आणि टेरियरची चपळाई एकत्र आणण्याचे प्रयोग आधीपासून चालू होते, त्यांना आता जोर आला. तात्पर्य, ज्याला आपण जातिवाचक नाव समजतो ते मुळात जागेचे आणि कामाचे नाव आहे. आणि ही ‘जात’ आरंभापासूनच मिश्र आहे. ‘पिट बुल मिक्स’ म्हणजे मिश्रणाचे मिश्रण.

साहित्याच्या अभ्यासकांना इथे डिकन्सचा एक कुत्रा आठवेल. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या बिल साइक्सचा बुल्सआय. कादंबरी १८३७ ते १८३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली, म्हणजे बंदीनंतर लगेचच. डिकन्स या कुत्र्याची जात सांगत नाही. तो पांढरा आणि झुबकेदार केसांचा आहे, त्याच्या तोंडावर जखमांचे ओरखडे आहेत, एवढेच आपल्याला कळते. परंतु १९६८ च्या ‘ऑलिव्हर!’ या चित्रपटात तो तुळतुळीत अंगाचा बुल टेरियर झालेला दिसतो. मालक क्रूर, तेव्हा कुत्रा अमुक जातीचाच असणार, हे वाचन नंतरच्या काळाने संहितेवर लादले. पाटी आधी, प्राणी मागाहून, हा क्रम आपल्याला पुढेही भेटणार आहे.

एकोणिसाव्या शतकात स्थलांतरितांबरोबर हे कुत्रे अमेरिकेत गेले. १८९८ मध्ये चॉन्सी बेनेट यांनी ‘युनायटेड केनेल क्लब’ ही संस्था काढली आणि स्वतःच्याच कुत्र्याची पहिली नोंद केली : ‘अमेरिकन पिट बुल टेरियर’. अधिक प्रतिष्ठित ‘अमेरिकन केनेल क्लब’ला आखाड्याचा वास असलेले नाव नको होते. त्यांनी १९३६ मध्ये हेच कुत्रे ‘स्टॅफर्डशर टेरियर’ म्हणून नोंदवले आणि १९७२ मध्ये त्यामागे ‘अमेरिकन’ हे विशेषण जोडले. काही कुत्र्यांची नोंद तर दोन्ही वह्यांत होती. म्हणजे एकच प्राणी एका वहीत झुंजीच्या आखाड्याचा वारस आणि दुसऱ्या वहीत एका इंग्रज परगण्याचा सभ्य रहिवासी!

त्या काळात या कुत्र्याची कीर्ती वाईट नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या वेळी वॉलेस रॉबिन्सन या चित्रकाराने एका भित्तिचित्रात युद्धखोर राष्ट्रांचे कुत्रे रंगवले आणि मधोमध अमेरिका म्हणून पिट बुल बसवला. फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या १०२ व्या पायदळ रेजिमेंटचा लाडका कुत्रा स्टबी राष्ट्रीय नायक ठरला. त्याचा वंश कुणालाच ठाऊक नव्हता. आजही त्याला कुणी बुल टेरियर म्हणतो, कुणी बोस्टन टेरियर. नायकाची जात अनिश्चित राहिली तरी कुणाचे बिघडत नाही. आरोपीची मात्र ठरवावीच लागते.

आरोपाचा काळ १९७० नंतर आला. कुत्र्यांच्या झुंजींविरुद्ध मोहीम उभी राहिली आणि १९७६ मध्ये त्याविषयी संघराज्याचा कायदाही झाला. या मोहिमेने झुंजीचे क्रौर्य चव्हाट्यावर आणले; त्याच वेळी, नकळत, या कुत्र्याला दहशतीचे प्रतीकही करून टाकले. धाक दाखवण्यासाठी कुत्रा हवा असलेल्यांना हीच जाहिरात पुरली. जुलै १९८७ मध्ये ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर दात विचकणारा पिट बुल आला. डेन्व्हर शहराने १९८९ मध्ये बंदी घातली, ब्रिटनने १९९१ मध्ये.

या कायद्यांची भाषा पाहण्यासारखी आहे. डेन्व्हरच्या नियमानुसार ज्याच्या अंगावर या जातीची बहुसंख्य शारीरिक लक्षणे दिसतात, तो पिट बुल. ब्रिटिश कायद्याने ‘जात’ हा शब्द टाळून ‘प्रकार’ हा शब्द योजला. म्हणजे वंश शोधायचा नाही. डोके, जबडा, छाती पाहून ठरवायचे. २०१२ मध्ये मेरीलँड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पिट बुल आणि त्याचे मिश्रण हे स्वभावतःच धोकादायक मानले. काही महिन्यांतच त्याच न्यायालयाने आपला निकाल दुरुस्त करून त्यातून ‘मिश्रण’ वगळले. २०१४ मध्ये विधिमंडळाने कायदा करून तो निकालच निष्प्रभ केला. आपल्याकडेही १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींच्या कुत्र्यांवर निर्बंध घालण्यास सांगितले. त्यात पिट बुल होता आणि ‘मिश्र व संकरित’ही होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. दोन खंडांतल्या या दोन्ही दस्तऐवजांत सर्वांत निसरडा शब्द तोच होता : ‘मिश्र’.

तो निसरडा का, हे फ्लोरिडातील एका संशोधनाने मोजून दाखवले आहे. चार शेल्टरांतील १२० कुत्रे १६ कर्मचाऱ्यांना दाखवण्यात आले. त्यांत पशुवैद्यही होते. नंतर त्याच कुत्र्यांची जनुकीय तपासणी झाली. नजरेने ६२ कुत्रे ‘पिट बुल प्रकारा’चे ठरले होते, तपासणीत त्या वंशाचा अंश सापडला तो २५ जणांत. रुंद डोके आणि आखूड केस ठरवणारी जनुके थोडीच असतात आणि ती अनेक वंशांच्या मिसळीतून तशीच जुळून येऊ शकतात. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या व्यापक अभ्यासाने आणखी एक पाऊल पुढे टाकले : एकेका कुत्र्याच्या वर्तनात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के जातीने स्पष्ट होतो.

पाटीचे परिणाम मात्र अंदाजाचे नसतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, पिट बुल अशी पाटी असलेल्या कुत्र्यांना, दिसायला तशाच पण वेगळी पाटी असलेल्या कुत्र्यांपेक्षा तिपटीहून अधिक काळ पिंजऱ्यात राहावे लागले. जागा अपुऱ्या असलेल्या शेल्टरमध्ये लांबलेला मुक्काम म्हणजे काय, हे सांगायला नको. फ्लोरिडातील ऑरेंज काउंटीने २०१४ मध्ये जातीचा रकानाच काढून टाकला, तेव्हा अशा कुत्र्यांना घरे मिळण्याचे प्रमाण वाढले आणि त्यांना मारण्याचे प्रमाण घटले.

इथवर येऊन ‘पाटी खोटी, म्हणून भीतीही खोटी’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आम्हांलाही झाला. परंतु इतिहास त्याला साथ देत नाही. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या वीस वर्षांत कुत्र्यांच्या हल्ल्यात झालेल्या २३८ मृत्यूंचा जो अभ्यास झाला, त्यात निम्म्याहून अधिक घटनांत पिट बुल प्रकारचे कुत्रे आणि रॉटवायलर होते. जात ओळखण्यातल्या चुका आणि प्रत्येक जातीच्या कुत्र्यांची एकूण संख्या माहीत नसणे, या मर्यादा त्या संशोधकांनीच नोंदवल्या आहेत. तरीही ताकदवान कुत्र्याचा चावा हलका नसतो, हे नाकारता येणार नाही. उलट बाजूने, हे कुत्रे एके काळी मुलांच्या दाया होते, अशी एक गोड आख्यायिका प्रेमीजन सांगतात. तिला त्या काळातला आधार मिळत नाही. बदनामीला उत्तर म्हणून रचलेले गौरवगान हीसुद्धा एक पाटीच.

या दोन पाट्यांमधून वाट दिसली ती व्हर्जिनियात. २००७ मध्ये मायकेल व्हिक या प्रसिद्ध फुटबॉलपटूच्या मालमत्तेवर झुंजींचा अड्डा सापडला आणि सुमारे पन्नास कुत्रे जप्त झाले. तोवरच्या रिवाजानुसार असे कुत्रे पुरावा म्हणून ठेवत आणि नंतर मारून टाकत. या वेळी प्रत्येकाची स्वतंत्र पारख झाली. काही थेट घरांत गेले. २२ जणांना युटातील ‘बेस्ट फ्रेंड्स’च्या आश्रयस्थानात नेण्यात आले. काहींना तिथून घर मिळाले, काही अखेरपर्यंत तिथेच राहिले. वंश एक, गेलेले आयुष्य एक, आणि तरी स्वभाव निरनिराळे. ही पारख प्रत्येकाला निर्दोष ठरवण्यासाठी नव्हती. प्रत्येकाला स्वतंत्र मानण्यासाठी होती.

विद्यार्थिनीला आम्ही कळवले ते एवढेच. पाटीवरचा सर्वांत प्रामाणिक भाग म्हणजे तिथले प्रश्नचिन्ह. त्यापुढचा मजकूर तुलाच वाचायचा आहे आणि पहिल्यांदाच वाचते आहेस, म्हणून सावकाश वाच. शेल्टरच्या माणसांना जात विचारू नकोस. ती काय करते, ते विचार. अनोळखी माणूस आला तर, दुसरे कुत्रे दिसले तर, तिचे खाणे उचलले तर काय होते? आधी काही आठवडे सांभाळायला मिळते का, पाहा. प्रशिक्षकाचा खर्च धरून चाल. बाहेर पट्टा सोडू नकोस आणि कितीही गरीब वाटली तरी लहान मुलापाशी तिला एकटी ठेवू नकोस. हे सगळे कोणत्याही मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत खरे आहे. आणि भाडेकरार लपवाछपवीने मोडू नकोस. उघडकीस आले तर घर तुझे जाईल आणि पिंजरा तिच्या वाट्याला येईल.

चार महिन्यांनी उत्तर आले. घरमालकाने करार बदलला नाही. तिने कामापासून अर्ध्या तासाने लांब असलेले दुसरे घर घेतले. तिथल्या अर्जात कुत्र्याचे वजन विचारले होते, लस विचारली होती, पूर्वी कुणाला चावला आहे का, हेही विचारले होते. जातीचा रकाना नव्हता. कुत्रीचे नाव तिने सावली ठेवले आहे. आई अजून फोनवर तिची चौकशी करत नाही; मात्र परवा सांगलीहून पार्सल गेले, त्यात लाडवांच्या डब्याखाली एक जुनी, मऊ गोधडी होती.