खाणगावचा वाणी आणि त्याची वही

खाणीचा इतिहास बहुधा उत्पादनाच्या आकड्यांनी लिहिला जातो. किती टन धातुक निघाले, किती परदेशी गेले, किती नफा झाला याची नोंद कंपनीच्या दप्तरात राहते. परंतु खाणीत उतरणाऱ्या माणसाची चूल कशी पेटली, याची नोंद त्या दप्तरात नसते. ती असते गावच्या किराणा दुकानदाराच्या वहीत. बालाघाटजवळील भरवेली या खाणगावाचा विचार करताना या वहीकडे लक्ष दिल्यावाचून गत्यंतर नाही.

१८६७ साली स्वतंत्र झालेला बालाघाट जिल्हा हा वैनगंगेच्या खोऱ्यातील भाताचा आणि सातपुड्याच्या उतारावरील जंगलाचा मुलूख. रेल्वे येण्यापूर्वी या भागात मीठ येई ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. १८९६ साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या ब्रिटिश मंडळीने मध्यप्रांतात मँगनीजचा शोध आरंभिला. पोलादाला कठीणपणा व चिवटपणा आणणाऱ्या या खनिजाला युरोपातील कारखान्यांत मोठी मागणी होती. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी अडीच फुटी रुळांची रेल्वे १९०५ पर्यंत पूर्ण झाली आणि बालाघाटचा काळा दगड समुद्रापार जाण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच मार्गाने मीठ, गूळ, मिरची, घासलेट आणि तंबाखू आत येऊ लागली. खाण आणि किराणा दुकान ही दोन्ही एकाच रेल्वेची अपत्ये होत.

शेतकऱ्याच्या घरी कणगीत धान्य असते. खाणमजुराच्या घरी ते नसते. शेत सोडून आलेला गोंड असो वा छत्तीसगढकडील मजूर असो, त्याला मीठमिरचीपासून तांदळापर्यंत सर्व काही विकत घेणे भाग. मजुरी हाती पडणार ती कामाच्या मोजणीनंतर, पुष्कळदा ठेकेदाराच्या हातून. भूक मात्र रोजची. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम वाण्याने केले. सकाळी कीर्दीत नोंद, सवडीने खतावणीत प्रत्येकाचे खाते, डावीकडे जमा, उजवीकडे नावे आणि खाली बाकी. दिवाळीला जुनी वही मिटे, नव्या वहीचे पूजन होई. बाकी मात्र जुन्या वहीतून नव्या वहीत ओढली जाई.

हा दुकानदार दुष्ट होता की उपकारकर्ता होता, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो दोन्ही असू शकत होता, आणि कित्येकदा एकाच दिवशी. बाळंतिणीसाठी गूळ आणि डिंक पैशावाचून देणारा तोच. आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या नावे काय लिहिले हे ठरविणाराही तोच. तथापि त्याच्याही मानेवर ओझे असे. गोंदियासारख्या पेठेतील घाऊक व्यापाऱ्याचे देणे त्याला मुदतीत फेडावे लागे. खाणीचे काम थांबले की त्याची येणी कागदावर राहत आणि देणी दारात उभी राहत.

तशी वेळ जागतिक मंदीने आणली. १९२७ साली हिंदुस्थानातील मँगनीजचे उत्पादन ११ लाख टनांहून अधिक होते. १९३२ साली ते त्याच्या एक-पंचमांशाच्या आसपास आले. जगातील पोलाद कारखाने थंडावले होते, त्यात रशियाच्या जॉर्जियातील खाणींची स्पर्धा होती. दूरदेशीच्या भट्ट्या विझल्या आणि त्याची झळ मध्यप्रांतातील चुलींना लागली. मजूर आपापल्या गावी परतला म्हणजे दुकानदाराच्या वहीतील त्याचे पान आपोआप कोरडे पडे.

याच सुमारास मजुरांच्या कर्जाची पहिली मोठी सरकारी चौकशी झाली. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाचे नारायण मल्हार जोशी हे एक सदस्य होते. बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कामगार कर्जबाजारी आहेत आणि पुष्कळांचे कर्ज तीन महिन्यांच्या मजुरीहून जास्त आहे, असे १९३१ च्या अहवालात नमूद झाले. रुपयाला दरमहा एक आणा हा व्याजाचा दर सर्रास चाले. म्हणजे वीस रुपयांच्या कर्जावर दरमहा सव्वा रुपया आणि वर्षाकाठी पंधरा रुपये! मुद्दल जिथल्या तिथे आणि माणूस जन्मभर फेडीत राहणार.

मध्यप्रांताने या बाबतीत पुढाकार घेतला. १९३३ साली कर्ज-समझोत्याचा कायदा झाला. १९३४ च्या सावकारी कायद्याने सावकाराला नीट हिशेब ठेवून तो ऋणकोला देणे भाग पाडले. १९३७ च्या कायद्याने वसुलीसाठी ऋणकोला त्रास देणे हा गुन्हा ठरविला. हे कायदे मोलाचे होते. परंतु किराणा दुकानातील व्याज व्याज म्हणून क्वचितच लिहिले जाते. ते उधारीच्या वाढीव भावात मुरलेले असते. शिवाय कायद्याने व्याज आवरता येते, भूक आवरता येत नाही. ज्याची मजुरी अनिश्चित, त्याला उधारी हवीच.

स्वातंत्र्यानंतर दुकानाचे रूप पालटले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्यप्रदेशात राहिला आणि गोंदिया-नागपूरच्या पेठा दुसऱ्या राज्यात गेल्या. १९५७ च्या एप्रिलपासून आणे-पैशांच्या जागी नवे पैसे आले; १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने शेर-छटाकांच्या जागी किलोग्रॅम आला. जन्मभर शेराने तोलणाऱ्या हाताला नवे माप शिकावे लागले. शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलोहून थोडा हलका. मग १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तीत आरंभी भारत सरकार व दोन्ही राज्यांबरोबर जुन्या ब्रिटिश कंपनीचाही भाग होता. १९७७ साली तो सरकारने विकत घेतला. आज भरवेलीची खाण ४०० मीटरांहून खोल गेली आहे.

कायम नोकराला ठरल्या दिवशी पगार मिळू लागला, तेव्हा उधारीच्या वहीचा दरारा खऱ्या अर्थाने ओसरला. कोणत्याही कर्जकायद्याला जे साधले नाही, ते निश्चित वेतनाने साधले. पगाराची तारीख ठाऊक असलेला माणूस दुकानाच्या पायरीवर गिऱ्हाईक म्हणून उभा राहतो, ऋणको म्हणून नव्हे. जेथे मजुरी आजही ठेकेदाराच्या मर्जीवर अवलंबून आहे, तेथे मात्र वही आपले जुने बळ राखून आहे.

ऋणाचा प्रश्न मानवाइतकाच जुना आहे. जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथात दर सातव्या वर्षी कर्जमाफी करण्याची आज्ञा आहे. देहूच्या तुकाराम वाण्याने, परंपरा सांगते त्याप्रमाणे, खतपत्रांतील भावाचा वाटा भावाला देऊन आपला वाटा इंद्रायणीत बुडविला. एवढे मोठे मन प्रत्येक दुकानदाराजवळ कोठून असणार? आणि समाजानेही गरिबाच्या अन्नाची व्यवस्था एकट्या वाण्याच्या दयेवर का सोपवावी? वाण्याने माप पुरे द्यावे, वही खरी लिहावी. आणि राबणाऱ्याचे दाम वेळेवर त्याच्या हाती पडावे. एवढे घडले तर ती वही कोणास बुडवावी लागणार नाही.