बिनएंजिनाचें विमान आणि त्याचा जमाखर्च

चैत्र-वैशाखाच्या दुपारीं अजिंक्यताऱ्याच्या कड्याकडे किंवा मिरजेच्या माळाकडे नजर टाकली, तर एखादी घार पंख न हालवितां आकाशांत चढत असलेली दिसते. त्याच वेळीं खालीं शेतांत वावटळ उठून पाचोळा गरगर फिरत असतो. ह्या दोन्ही गोष्टी आपला शेतकरी रोज पाहतो. परंतु त्यांच्या संबंधावर एक संपूर्ण विद्या उभी राहिली आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर जाते. तिच्या स्तंभांत शिरून घार जशी घिरट्या घालीत उंची मिळविते, तशीच एंजिन नसलेलें विमानहि मिळवितें. अशा विमानास ग्लायडर म्हणतात. ह्या विद्येचा इतिहास सांगणारे बहुधा उंचीचे आणि अंतराचे विक्रम सांगतात. मला आज तिच्या जमाखर्चाचा इतिहास सांगावयाचा आहे. कारण कोणती विद्या कोणास मिळावी आणि कोणास मिळूं नये, ह्याचा निकाल पुष्कळदां तिच्या खतावणींतच लागलेला असतो.

आरंभीं ही विद्या एकट्यानें शिकावयाची होती. जर्मनीमध्यें ओटो लिलिएंथाल ह्या एंजिनियरानें १८९१ ते १८९६ ह्या काळांत काठ्या व सुती कापड ह्यांचे पंख बांधून टेकडीवरून दोन हजारांवर उड्डाणें केलीं. त्यानें आपल्या यंत्राचे कांहीं नमुने ५०० मार्कांस एक ह्याप्रमाणें विकले. त्या काळच्या कामगाराची ही कित्येक महिन्यांची मजुरी होय. १८९६ च्या ऑगस्टांत पडून लिलिएंथालचा अंत झाला. शिकविणारा कोणी नव्हता. जें शिकावयाचें, तें स्वतःच्या हाडांच्या मोलानें.

त्याच्यामागून अमेरिकेंत सायकलींचें दुकान चालविणारे राइट बंधू आले. त्यांनीं १९०० सालीं बांधलेल्या ग्लायडरास अवघे १५ डॉलर लागले. १९०३ च्या डिसेंबरांत त्यांचें एंजिनाचें विमान उडालें, तोंपर्यंतचा त्यांचा एकूण खर्च हजार डॉलरांच्या आंतच होता. त्याच वर्षीं प्रोफेसर लँग्ली ह्यांचें यंत्र, युद्धखात्याचे ५०,००० डॉलर मिळूनहि, पोटोमॅक नदींत कोसळलें. ह्या फरकाचीं कारणें अनेक असतील. परंतु त्यांतील मोठें कारण असें कीं, राइट बंधूंनीं एंजिन बसविण्यापूर्वीं हवेंत तोल सांभाळणें शिकून घेतलें होतें, आणि तें ते बिनएंजिनाच्या विमानावर शिकले. स्वस्त साधनावर आधीं हात बसवावा आणि महाग साधनास मग हात लावावा, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

क्लबाची कल्पना मात्र पहिल्या महायुद्धानंतरची. १९१९ च्या तहानें जर्मनीस लष्करी विमानें ठेवण्याची बंदी झाली आणि एंजिनाच्या विमानांवरहि कडक निर्बंध आले. हातांत पैसा नाहीं, एंजिन नाहीं आणि परवानगीहि नाहीं, अशा स्थितींत तेथील कॉलेजचे विद्यार्थी १९२० च्या उन्हाळ्यांत वासरकुप्पे नांवाच्या डोंगरावर जमले. ओस्कार उर्सिनुस ह्या मासिकाच्या संपादकानें त्यांस बोलाविलें होतें. राहण्यास तंबू, खाण्यास जें मिळेल तें, आणि विमान स्वतःच्या हातांनीं बांधलेलें. विमान आकाशांत सोडण्याची त्यांची युक्ति गोफणीसारखी होती. रबरी दोराचीं दोन टोकें धरून दोन्ही बाजूंच्या गड्यांनीं उतारावरून धांवावयाचें, आणि दोर ताणला कीं विमान सोडून द्यावयाचें. आज ज्याची पाळी उडण्याची, त्याची उद्यां दोर ओढण्याची. १९२२ च्या ऑगस्टांत हानोव्हरच्या विद्यार्थ्यांनीं बांधलेलें 'व्हांपिर' विमान मार्टेन्स ह्या तरुणानें तासाहून अधिक वेळ हवेंत ठेवलें, आणि हा पोरखेळ नव्हे हें जगास कळून चुकलें. इंग्लंडांतहि १९२९-३० पासून असेच क्लब निघूं लागले.

ह्या व्यवस्थेचें मर्म आपल्या भागांतील माणसांस समजावून सांगावें लागत नाहीं. वासरकुप्पेवर तंबू पडण्यापूर्वीं वर्षभरहि झालें नव्हतें, तोंच, म्हणजे १९१९ सालीं, कऱ्हाडाजवळील काले ह्या गांवीं भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली होती. पुढें १९२४ पासून साताऱ्यास वसतिगृह चाललें. तेथें मुलें स्वतः स्वयंपाक करीत, शेतांत राबत आणि शिकत. लक्ष्मीबाई पाटलांनीं त्या मुलांच्या पोटासाठीं आपले दागिने मोडले, हें साताऱ्यांत कोणास ठाऊक नाहीं? जर्मन विद्यार्थ्यांस भाऊरावांचें नांव माहीत असण्याचें कारण नव्हतें, आणि भाऊरावांस त्यांचें. तथापि दोघांचा हिशेब एकच होता: ज्याच्यापाशीं पैसा नाहीं, त्यानें फी श्रमाच्या रूपानें द्यावी.

ह्या इतिहासाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १९३३ नंतर जर्मनींत हे क्लब सरकारनें आपल्या पंखाखालीं घेतले. त्यांचें स्वातंत्र्य गेलें, आणि हौसेनें शिकलेल्या त्या पोरांचा पुढें लढाऊ वैमानिक म्हणून उपयोग झाला. सर्व खर्च दुसऱ्यानें उचलला, कीं विद्येचें काय करावयाचें हें ठरविण्याचा अधिकारहि त्याच्याकडे जातो. सभासदांची वर्गणी लहान असली, तरी ती क्लबाच्या स्वातंत्र्याची किंमत असते.

आतां आपल्या देशाकडे येऊं. हिंदुस्थानांत १९२८-२९ च्या सुमारास सरकारी मदतीनें मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि कराची येथें विमानक्लब निघाले. जे. आर. डी. टाटा ह्यांस १० फेब्रुवारी १९२९ रोजीं वैमानिकाचें लायसन्स मिळालें, तें मुंबईच्या क्लबांत शिकून. पण हे क्लब एंजिनाच्या विमानांचे होते. सरकारची मदत असूनहि दर तासाला पेट्रोल जळे, आणि त्याचा भार सोसणारी माणसें मोठ्या शहरांतील सधन घराण्यांतलींच असत. सातारा-सांगलीकडील वकिलाच्या किंवा मास्तराच्या मुलानें तिकडे पाहावें, एवढेंच.

स्वातंत्र्यानंतर मध्यवर्ती सरकारच्या नागरी विमानखात्यानें ग्लायडिंगला हात दिला. १९५० च्या सुमारास पुण्याजवळ हडपसर येथें ग्लायडिंगचें केंद्र सुरू झालें. दिल्ली, कानपूर, पिलानी वगैरे ठिकाणींहि उड्डाणें होऊं लागलीं. परदेशी विमान घ्यावयाचें म्हणजे परकी चलन पाहिजे. म्हणून खात्यानें स्वतःच ग्लायडरांचे आराखडे तयार केले. त्यांत एस. रामअमृतम् ह्यांचें काम मोठें होतें. ह्या विमानांचीं नांवें ऐकण्यासारखीं आहेत: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. आपल्या पंचांगांतील नक्षत्रांचाच हा क्रम. त्यांपैकीं रोहिणी हें १९६१ सालीं प्रथम उडालेलें विमान शिकाऊ मुलांच्या विशेष उपयोगीं पडलें. त्यांत गुरु आणि शिष्य शेजारी शेजारी बसतात. शिष्याचा हात कोठें चुकतो, हें गुरूस मान न वळवितां दिसतें.

आतां एका विद्यार्थ्यामागें खर्च कसा पडतो तें पाहूं. त्याचे चार भाग. पहिला विमानाचा, हा एकदांच होतो आणि हजारों उड्डाणांवर वांटला जातो. दुसरा उड्डाण सुरू करण्याचा. मैदानाच्या एका टोकास विंच, म्हणजे पोलादी दोर गुंडाळणारें एंजिन असतें. तें सुमारें एक किलोमीटर लांबीचा दोर झपाट्यानें ओढतें आणि विमान पतंगासारखें हजार फुटांच्या आसपास चढतें. ह्यास पेट्रोल किंवा डिझेल लागतें तें मिनिटभराचें. तेंच विमान दुसऱ्या विमानास बांधून वर नेलें, तर खर्च कित्येक पट होतो. तिसरा भाग शिक्षकाचा, आणि चौथा मैदान, हँगर, दुरुस्ती व विमा ह्यांचा. सरकारी केंद्रांत ह्या चौथ्या भागाचा मोठा वांटा सरकार उचलीत असल्यामुळें विद्यार्थ्याची फी थोडी राहिली.

परंतु फी म्हणजे खर्च नव्हे. येथें मी जुन्या संवयीप्रमाणें फळ्यावर एक गणित मांडतों. विंचवरून शिकणाऱ्यास एकट्यानें उडण्यापूर्वीं साधारणतः पन्नास-साठ उड्डाणें लागतात. साठ धरूं. वर चढणारी हवा सांपडली नाहीं, तर एक उड्डाण सहा मिनिटांत संपतें. म्हणजे साठ उड्डाणांचे सारे सहा तास. एका दिवसांत पाळीनें तीन उड्डाणें मिळालीं असें मानलें, तर वीस दिवस लागले. दर दिवशीं आठ तास मैदानावर हजर राहावयाचें, विमान ढकलावयाचें, दोर आणावयाचा, पंखाचें टोक धरून धांवावयाचें. म्हणजे सहा तास उडण्यासाठीं एकशेंसाठ तास दिले.

आतां हा विद्यार्थी सांगलीचा आहे असें समजा. सांगलीहून पुणें सुमारें २३० किलोमीटर. दर रविवारीं जाऊन येऊन ४६०. वीस रविवारांचे ९,२०० किलोमीटर. मुंबईहून लंडन आकाशमार्गें सुमारें ७,२०० किलोमीटर आहे. सहा तास हवेंत राहण्यासाठीं ह्या मुलास जमिनीवरून लंडनच्याहि पलीकडचा प्रवास करावा लागतो! साताऱ्याचा विद्यार्थी ११० किलोमीटरांवर. त्याचा प्रवास ४,४०० किलोमीटरांचा. पावसाळ्याचे चार महिने उड्डाणें बंद. परीक्षेचे दिवस वेगळे. एक वर्ष हातचें गेलें, कीं बसलेला हात मोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून उड्डाणें मोजावीं लागतात. क्लबानें विद्या स्वस्त केली ती पुणेंकरांस. सांगलीकरास अंतरानें ती पुन्हा महाग केली.

ह्यावर दोन उपाय दिसतात. पहिला सुटीच्या शिबिराचा. वीस रविवारांऐवजीं सलग वीस दिवस राहिलें, तर प्रवास एकदांच, आणि हातहि लवकर बसतो. राष्ट्रीय छात्रसेनेच्या विमानविभागांतील मुलांस ग्लायडरची ओळख झाली, ती सामुदायिक सोयीमुळेंच. पण वीस दिवसांच्या राहण्याजेवणाची व्यवस्था पाहिजे. तें काम वसतिगृहांचें आहे, आणि वसतिगृहें कशीं चालवावीं हें साताऱ्यास कोणी शिकविण्याची गरज नाहीं.

दुसरा उपाय मैदानच जवळ आणण्याचा. कोयना धरणाच्या कामासाठीं १९५५ च्या सुमारास कऱ्हाडाजवळ धावपट्टी झाली. सांगलीजवळ कवलापुराच्या माळावरहि एके काळीं विमानें उतरत. निसर्गाचा विचार केला, तर कृष्णाकांठच्या ओल्या उसाच्या शेतांवर हवा फारशी चढत नाहीं. परंतु माण, खटाव, जत इकडील कोरडा माळ उन्हाळ्यांत तापतो तेव्हां तेथें घारीस जें मिळतें, तें ग्लायडरासहि मिळेल. ज्या माळानें तेथील शेतकऱ्यास दुष्काळाखेरीज फारसें कांहीं दिलें नाहीं, त्यावरची हवा ह्या एका विद्येस अनुकूल आहे.

अशा क्लबास काय लागेल? एक मैदान, एक विंच, दोन आसनांचें एक विमान, एक लायसन्सवाला शिक्षक, आणि वर्षभर न चुकतां येणारीं वीस माणसें. पहिल्या चार गोष्टी पैशानें मिळतात, आणि वीस घरांत वांटला तर तो पैसा डोईजड होत नाहीं. ज्या जिल्ह्यांनीं शेंकडों शेतकऱ्यांचे भाग गोळा करून साखर कारखाने उभे केले, त्यांस भागभांडवल म्हणजे काय हें सांगावयास नको. पांचवी गोष्ट मात्र पैशानें मिळत नाहीं. स्वतःची पाळी नसतांना उन्हांत उभें राहून दुसऱ्याच्या विमानाचा दोर ओढणारा सभासद हेंच ह्या विद्येचें खरें भांडवल आहे. वासरकुप्पेवर तें होतें म्हणून दरिद्री विद्यार्थी उडाले. आपल्याकडे तें कितपत जमेल, ह्यावरच उद्यांच्या क्लबाची वर्गणी अवलंबून राहील. कारण असे सभासद जितके कमी, तितके पगारी नोकर अधिक, आणि पगारी नोकर अधिक झाले कीं गरीब मुलगा पुन्हा कुंपणाबाहेर उभा राहून वर पाहूं लागतो.