बंदूक कोणाच्या हाती?

मार्कंड्यावरून आम्ही बोलतो आहोत.

धान गर्भात आला की आपल्याकडे रात्री डबे वाजायला लागतात. माणसं जागलीला जातात, हाका मारतात, टेंभे फिरवतात, आणि तरी एखाद्या रात्री डुकरांचा कळप येतो आणि अख्खी बांधी लोळवून जातो. त्यात वाघाची भीती वेगळीच. मोहफूल वेचायला पहाटे जायचं तर चार जणी जमल्याशिवाय पाऊल उचलत नाही. अशा दिवसांत गटाच्या बैठकीत कोणीतरी म्हणतंच, "घरोघरी बंदूक असती तर?" मग दुसरी सांगते, पोरानं मोबाईलवर दाखवलं, अमेरिकेत दुकानात जाऊन बंदूक घेता येते म्हणे, बाया पर्समध्ये पिस्तूल ठेवतात. आपल्याकडेच का नाही?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या चांद्याच्या मातीत त्याचं उत्तर दीडशे वर्षांहून जुनं आहे. त्यासाठी आधी १८५८ मध्ये जाऊ.

बाबुराव शेडमाके हे नाव आपल्याला माहीत आहे. मोलमपल्लीचे जमीनदार, जन्म १८३३ चा. नागपूरच्या भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि त्याबरोबर चांदा जिल्हाही त्यांच्या हाती गेला. तेव्हा तरुण बाबुरावांनी गोंड आणि रोहिले यांची माणसं गोळा केली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. घोट म्हणजे आपल्या चामोर्शी तालुक्यातलंच, बाजाराला जातो ते. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये नांदगाव-घोसरी, सगणापूर, बामनपेठ इथे इंग्रजी फौजेशी झटापटी झाल्या. एप्रिलअखेर प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याचे दोन गोरे कर्मचारी मारले गेले. त्यानंतर चांद्याचा अधिकारी कॅप्टन क्रिक्टन हात धुऊन मागे लागला.

पुढे जे झालं त्यात एक बाई आहे. अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई. इंग्रजांनी तिच्यावर दबाव आणला आणि तिच्या माणसांनी बाबुरावांना पकडून दिलं. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. अडपल्ली आणि घोटची जमीनदारी लक्ष्मीबाईला बक्षीस मिळाली. व्यंकटराव बस्तरकडे निघून गेले, पुढे तेही पकडले गेले. लक्ष्मीबाईचं नाव आजही लोक दात-ओठ खाऊन घेतात. तिचं समर्थन आम्ही करत नाही. पण तिच्यासमोर काय पर्याय ठेवले होते, नकार दिला असता तर अहेरीचं काय झालं असतं, हे विचारलं पाहिजे असं आम्हाला वाटतं. फौज साहेबाची होती, तोफा साहेबाच्या होत्या, आणि शिव्या मात्र दीडशे वर्षं एकट्या बाईच्या वाट्याला आल्या.

उठाव मोडल्यावर इंग्रजांनी देशभर हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. त्यावर पक्का शिक्का बसला १८७८ मध्ये. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला बंदूक ठेवायची तर सरकारचा परवाना हवा, आणि गोऱ्याला मात्र परवान्याची गरज नाही. कायद्याखालच्या नियमांत तशी सूट लिहिलेली होती. आता हे लक्षात घ्या, त्याच १८७८ साली दुसराही एक कायदा झाला, जंगलाचा. राखीव जंगल ठरलं की तिथलं लाकूड, चराई, शिकार सगळं सरकारच्या मर्जीवर. एकाच वर्षात रानही गेलं आणि रानात लागणारं हत्यारही गेलं. शहरातल्या माणसाला हे दोन वेगवेगळे कायदे वाटतील. आपल्या आजी-पणजीच्या घराला ते एकच होते.

आणि शिकार थांबली का? मुळीच नाही. साहेब आणि राजेमहाराजे मचाणावर बसून वाघ मारतच होते. वाघ मारणाऱ्याला सरकार इनाम देत होतं. ताडोब्यात शिकारीवर बंदी आली ती १९३५ मध्ये, आणि १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. म्हणजे वाघ कमी झाले ते आपल्या भाल्या-काठीनं नाही, हे पोरांना सांगायला हरकत नाही.

आता अमेरिकेकडे वळू. तिथल्या राज्यघटनेत १७९१ मध्ये एक दुरुस्ती झाली, दुसरी दुरुस्ती म्हणतात तिला. शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क मोडला जाणार नाही, असं तीत लिहिलं. नुकतंच इंग्लंडच्या राजाशी लढून ते देश म्हणून उभे राहिले होते. प्रत्येक गावाची आपली फौज असावी, राजा पुन्हा डोक्यावर बसू नये, हा त्यामागचा विचार होता. तिथला माणूस आजही बंदुकीकडे तसंच पाहतो. आपल्याला बंदूक म्हटलं की पोलीस नाहीतर नक्षली आठवतो, त्याला आपलं स्वातंत्र्य आठवतं. बापानं मुलाला हरणाच्या शिकारीला नेणं हा तिथल्या खेड्यांत संस्कार समजतात. आज तिथे सामान्य लोकांच्या हातात सुमारे ३९ कोटी बंदुका असल्याचा अंदाज आहे. माणसं तेहतीस-चौतीस कोटी. तरी सगळ्यांकडे बंदूक आहे असं नाही. दर दहा मोठ्या माणसांत साधारण तिघांकडे ती आहे, पण काहींच्या घरी दहा-दहा.

पण हा हक्क लिहिला तेव्हा तो सगळ्यांचा नव्हता. दक्षिणेच्या राज्यांत काळ्या गुलामांना बंदूक ठेवायला कायद्यानं मनाई होती. आणि तिथले जे मूळ रहिवासी, त्यांचे आदिवासी म्हणू, त्यांच्या जमिनी तर बंदुकीच्या जोरावरच घेतल्या गेल्या. १८९० च्या डिसेंबरात वुंडेड नी नावाच्या ठिकाणी लकोटा लोकांच्या तळावर फौज आली ती त्यांच्या बंदुका काढून घ्यायला. त्या झडतीतच गोळीबार सुरू झाला आणि अडीचशेच्या वर माणसं मेली. त्यांत निम्म्याहून जास्त बाया आणि लेकरं होती. म्हणून हक्काचा देश आणि परवान्याचा देश असा भेद करताना आम्ही जरा थांबतो. दोन्हीकडे रानातल्या माणसाच्या हातातली बंदूकच सरकारला आधी खुपली.

आपल्याकडे हक्काची मागणी झालीच नाही असं मात्र नाही. गांधीजी अहिंसेचे, पण १८७८ च्या कायद्यावर त्यांचा फार राग होता. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाआधी त्यांनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या ही एक होती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात तर शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, स्पष्ट लिहिला होता.

मग तो राज्यघटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली. हे कामत मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निवडून गेलेले, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच प्रांताचे. त्यांना उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हा मूलभूत हक्क केला तर चोर, दरोडेखोर आणि खुनीही तोच हक्क मागतील, आणि त्यांना अडवायला सरकारजवळ काही उरणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा आग्रह धरावा, असंही ते म्हणाले. कामतांची दुरुस्ती पडली. गावात ज्याच्या हाती आधीच जमीन, पैसा आणि माणसं आहेत, त्याच्या हाती हक्काची बंदूक आली तर खालच्या आळीचं काय होईल, हे बाबासाहेबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. हे शेवटचं वाक्य त्यांचं नव्हे, आमचं आहे.

म्हणून आज आपल्याकडे चालतो तो १९५९ चा शस्त्र कायदा. गोरा-काळा भेद गेला, पण परवाना राहिला. त्या कायद्यात शेतकऱ्याची आठवण आहे बरं का. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, असं त्यात लिहिलेलं आहे. ठासणीची म्हणजे आपली भरमार. नळीत वरून बारूद भरायची, छर्रे टाकायचे, गजानं ठासायचं आणि एकदाच उडवायची. पण १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती लागते. आपल्या भोवती चपराळा, भामरागड, पलीकडे ताडोबा. त्यामुळे ज्यांना डुकरांचा त्रास सगळ्यात जास्त, त्यांनाच परवाना सगळ्यात अवघड.

मग लोकांनी काय केलं? भरमार लपवून ठेवली. आजोबाची, पणजोबाची, तणसाच्या ढिगात, आढ्यावर. १९८० च्या सुमारास नक्षली या भागात आले आणि त्या जुन्या बंदुकीचा अर्थच बदलला. त्यांच्या दलांतही भरमार होती, त्यामुळे घरात भरमार सापडली की पोलिसाला एक संशय, आणि पोलिसांकडे नेऊन दिली की दलमला दुसरा. डुकरासाठी ठेवलेल्या नळीपायी किती घरांची झोप गेली, हे धानोरा-एटापल्लीकडच्या बायांना विचारा. अलीकडे वारं बदललं आहे. १५ ऑक्टोबर २०२५ ला भूपती या बड्या नक्षली नेत्यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. गावकऱ्यांनी आपणहून भरमार पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्याही आपण ऐकल्या आहेत.

आता मूळ प्रश्न. घरोघरी बंदूक असती तर? डुकराचा विचार बाजूला ठेवून घराच्या आतला विचार करू, कारण बंदूक शेतात चार रात्री असते आणि घरात बारा महिने. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात बंदुकीनं ४८ हजारांहून जास्त माणसं मेली. त्यांतली निम्म्याहून जास्त दुसऱ्यानं मारलेली नाहीत, त्यांनी स्वतःलाच गोळी घातली. नवरा मारहाण करणारा असेल आणि त्याच्या हाताशी बंदूक असेल, तर बाईचा खून होण्याचा धोका पाच पट वाढतो, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. २०१२ मध्ये सँडी हूक नावाच्या शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. मारणाऱ्या पोरानं वापरलेल्या बंदुका त्याच्या आईच्या होत्या, कायदेशीर विकत घेतलेल्या. आणि शाळेत जाण्याआधी त्यानं घरात पहिली गोळी आईलाच घातली.

आपल्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. ती मिळवायला बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असो की नसो, दारू कुठून येते आणि रात्री घरात काय होतं ते आपल्याला सांगायला नको. त्या रात्री खुंटीला काठी आहे की बंदूक, यानं फार फरक पडतो. नशा उतरल्यावर काठीचा मार बरा होतो. तणनाशकाची बाटली घरात ठेवायची नाही असं आपण गटात ठरवतो, ते याच कारणासाठी.

तरीही डुकराचा प्रश्न उरतोच, आणि बंदूक नाही म्हणून तो सुटत नाही. बंदुकीच्या जागी काय आलं आहे ते बघा. कुंपणाच्या तारेत चोरून सोडलेला करंट. त्यात डुक्कर मरतं, वाघही मरतो, आणि अंधारात बांधीवर निघालेला शेजारीही मरतो. ज्याला बंदूक मिळाली नाही त्यानं शांततेचा मार्ग धरला असं झालेलं नाही. म्हणून नुकसान झालं की उशीर न करता वनविभागाकडे अर्ज द्या, पंचनामा मागा, त्याची पोच घ्या. पीक खाणाऱ्या डुकरांना मारायची परवानगी वनअधिकारी देऊ शकतो, तीही गावानं मिळून मागावी. एकट्या बाईच्या अर्जापेक्षा ग्रामसभेच्या ठरावाकडे लवकर लक्ष जातं.

आणि एक गोष्ट ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांच्यासाठी. बिनपरवाना बंदूक ठेवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं शिक्षा होऊ शकते. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर परवाना होता आणि तो माणूस वारला, तर त्याच्याबरोबर तो परवानाही संपतो. बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे लगेच जमा करायची आणि पावती घ्यायची. नंतर वारसानं स्वतःच्या नावानं परवाना मागायचा की ती विकायची, ते निवांत ठरवता येतं. तेराव्यापर्यंत, मग पोरगा पुण्याहून येईपर्यंत, मग दिवाळीपर्यंत म्हणत ती कोपऱ्यात राहिली, तर जाब त्या घरात आता राहणाऱ्या बाईलाच द्यावा लागतो.