परत आलेला गडी

वाकोल्यास आम्ही राहतो त्या इमारतीच्या पाठीमागे एक लहानसे मैदान आहे. पाऊस लागला की तेथील क्रिकेट बंद पडते आणि चिखलात फुटबॉल सुरू होतो. मुलांच्या अंगांत मँचेस्टर, बार्सिलोना, माद्रिद अशा दूरदूरच्या शहरांतील क्लबांचे सदरे असतात व पाठीवर खेळाडूंची नावे छापलेली असतात. एके संध्याकाळी फिरावयास निघालो असता दोन मुलांचा वाद आमच्या कानी पडला. एकाच्या पाठीवर ज्याचे नाव होते तो खेळाडू आपला क्लब सोडून दुसरीकडे गेला होता. “काढ तो सदरा,” दुसरा म्हणत होता. “तो परत येणार आहे,” पहिला म्हणाला. त्यावर दुसरा उत्तरला, “येऊ दे की! आला म्हणून काय आपला झाला?”

गेलेल्याविषयी राग यावा हे स्वाभाविक आहे. परंतु परत आलेल्याविषयीही राग यावा, किंबहुना तो गेला तेव्हाच्यापेक्षा अधिक यावा, हा मनाचा व्यापार मोठा चमत्कारिक होय. मुंबई शहराने 2024 साली तो अनुभविला आणि आमचे घरही त्यातून सुटले नाही. म्हणूनच इतिहासातील दोन-चार उदाहरणे समोर ठेवून त्याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम फुटबॉलच्याच मायदेशी जाऊ. डेनिस लॉ हा स्कॉटलंडचा खेळाडू 1962 पासून 1973 पर्यंत अकरा वर्षे मँचेस्टर युनायटेडकडून खेळला. तेथील प्रेक्षक त्यास ‘राजा’ म्हणत. 1973 साली क्लबाने त्यास मोकळे केले व तो शेजारच्या मँचेस्टर सिटीत गेला. पूर्वी एकदा तो तेथे खेळलेला होताच. दिनांक 27 एप्रिल 1974 रोजी युनायटेडच्या स्वतःच्या मैदानावर दोन्ही क्लब समोरासमोर आले आणि खेळ संपावयास थोडा अवधी असता लॉने टाचेने सहज मारलेला चेंडू युनायटेडच्या गोलात गेला. सहकारी आनंदाने त्याच्याकडे धावले. तो मात्र मान खाली घालून उभा राहिला. त्याच दिवशी युनायटेडची घसरण दुसऱ्या श्रेणीत झाली. वस्तुतः इतर सामन्यांचे निकाल पाहता तो गोल झाला नसता तरी ती टळणारी नव्हती. परंतु लॉनेच आपल्या जुन्या घरास खाली ढकलले, ही समजूत लोकांत दीर्घकाळ टिकली. इतके असूनही युनायटेडच्या लोकांनी त्यास अंतर दिले नाही. जानेवारी 2025 मध्ये तो वारला तेव्हा त्याच मैदानावर त्याचा पुतळा उभा होता. आमच्या मते हे त्या खाली घातलेल्या मानेचे फळ होय. जाणारा गेला याचे प्रेक्षकांस दुःख असते; परंतु जाण्याची खंत त्यासही आहे एवढे दिसले की ते दुःख निवते.

आता आपल्या मुंबईकडे वळू. हार्दिक पंड्या हा बडोद्यात वाढलेला खेळाडू 2015 साली अवघ्या 10 लक्ष रुपयांच्या बोलीने मुंबई इंडियन्स संघात आला. सात हंगामांत संघाने चार वेळा अजिंक्यपद मिळविले आणि त्यात या तरुणाचा वाटा मोठा होता. 2022 च्या हंगामाच्या आधी ज्या चार खेळाडूंस मुंबईने राखून ठेविले त्यांत त्याचे नाव नव्हते. तो गुजरात टायटन्सचा कर्णधार झाला, पहिल्याच वर्षी त्याने त्या नव्या संघास अजिंक्यपद मिळवून दिले आणि दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत नेले. नोव्हेंबर 2023 मध्ये तो मुंबईस परतला. येथपर्यंत कोणाचीच तक्रार नव्हती. घरचे मूल नाव कमावून घरी आले, अशीच भावना पुष्कळांची होती. परंतु 15 डिसेंबर 2023 रोजी संघाच्या चालकांनी रोहित शर्माकडून कर्णधारपद काढून ते हार्दिकच्या हाती दिले. रोहितने या संघास पाच अजिंक्यपदे मिळवून दिली होती. त्या दिवसापासून वारे फिरले.

24 मार्च 2024 रोजी अहमदाबादेस मुंबईचा सामना झाला. तेथील प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडविली. ‘आम्हांस सोडून गेला’ हे त्यांचे गाऱ्हाणे समजण्यासारखे होते. परंतु 1 एप्रिल रोजी वानखेडे मैदानावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या संघाच्या घरी, तोच प्रकार दुप्पट जोराने झाला. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकर यांस प्रेक्षकांना नीट वागण्याविषयी बजावावे लागले. पुढे खुद्द रोहितने सीमारेषेजवळून हाताच्या खुणेने लोकांस शांत राहण्यास विनविले. मौज अशी की, त्या दिवशी मुंबईच्या 125 धावांत सर्वांत अधिक, म्हणजे 34, धावा ज्याची हुर्यो चालली होती त्याच्याच होत्या. मुंबई हरली, आणि हंगामाच्या अखेरीस दहा संघांत ती दहावी आली.

त्या रात्री आमचा पुतण्या सांताक्रूझहून गाडी पकडून वानखेडेस गेला होता. तो मध्यरात्रीनंतर परतला तो घसा पार बसवून. “काका, असा ओरडलो आम्ही, असा ओरडलो!” एवढेच तो कसेबसे बोलू शकला. आम्ही हसलो. येथे कबूल केले पाहिजे की, घरी दूरचित्रवाणीपुढे बसून तो कोलाहल ऐकताना आम्हांसही एक प्रकारचे समाधान वाटत होते. तीस वर्षे वर्गात विवेकावर व्याख्याने देणाऱ्या माणसास हे शोभले नाही. सौभाग्यवतींनी मात्र पुतण्यास मिठाच्या गरम पाण्याचा पेला देता देता विचारले, “तो आपण होऊन बसला का त्या जागेवर? बसविला ना कोणी? मग ओरडायचे ते त्यांच्यावर ओरडा की!” पुतण्याजवळ उत्तर नव्हते. आमच्याजवळही नव्हते.

उत्तर शोधू लागलो तेव्हा आम्हांस नेताजी पालकरांची आठवण झाली. राज्य आणि खेळ यांची तुलना करणे धाडसाचे आहे हे आम्ही जाणतो. परंतु परत येणाऱ्याचे याहून प्रसिद्ध उदाहरण आपल्या इतिहासात नाही. 1666 च्या आरंभी पन्हाळ्याच्या स्वारीत वेळेवर न पोहोचल्यामुळे नेताजींची सरनौबती गेली. ते आधी विजापूरकरांकडे व मग मोगलांकडे गेले. शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींस कैद करविले, त्यांचे धर्मांतर घडविले आणि महंमद कुलीखान या नावाने त्यांस काबूलकडे धाडिले. 1676 साली ते परत आले व महाराजांनी त्यांस शुद्ध करून घेतले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. परंतु तिचा एक भाग सहसा सांगत नाही. नेताजींस घर परत मिळाले, जागा परत मिळाली नाही. त्यांच्या मागून सरनौबती प्रतापराव गुजरांकडे गेली होती; 1674 साली ते नेसरीस पडल्यावर ती हंबीरराव मोहित्यांकडे आली आणि नेताजी परतल्यावरही त्यांच्याकडेच राहिली. ज्यांनी मधली दहा वर्षे एकनिष्ठेने काढली त्यांचा मान परत आलेल्यासाठी कमी केला गेला नाही. आमच्या समजुतीप्रमाणे वानखेडेवरील कोलाहलाचे मूळ येथेच आहे. लोक जाणे क्षमा करतात, येणेही क्षमा करतात. परंतु येणाऱ्यासाठी राहिलेल्यास उठविले, हे त्यांस सहन होत नाही.

मग राहिलेल्यांची बाजू घेणारे हे लोक नेहमीच न्यायाचे असतात काय? याच शहराचा जुना इतिहास पाहावा. ज्या काळी मुंबईत पारशी, हिंदू, मुसलमान व युरोपियन असे जातिवार संघ चौरंगी सामने खेळत, त्या काळी संघ बदलण्याचा प्रश्नच नव्हता. जन्मानेच तो ठरलेला असे. हिंदू संघात पळवणकर बंधू खेळत. थोरले बाळू हे त्या काळचे अद्वितीय गोलंदाज; 1911 साली इंग्लंडात त्यांनी शंभरावर बळी घेतले होते. परंतु ते चांभार समाजातील असल्यामुळे पुण्यात एके काळी त्यांस चहा मैदानाबाहेर मातीच्या भांड्यात मिळत असे. 1920 साली बाळूंस संघातून वगळले आणि कर्णधाराची जागा रिकामी पडली असता विठ्ठल यांचा हक्क डावलला गेला. तेव्हा विठ्ठल व शिवराम हे दोघे बंधू निषेधाचे पत्रक काढून संघाबाहेर पडले. अंतिम सामन्यापूर्वी चालकांस नमावे लागले. दोघे परतले, बाळूंस उपकर्णधार केले गेले, आणि कर्णधारास मैदान सोडावे लागले तेव्हा काही काळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. पुढे 1923 साली विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघ विजयी झाला, त्या वेळी सवर्ण तरुणांनी त्यांस खांद्यावर उचलून घेतले. विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र 1948 साली प्रसिद्ध झाले. तोवर जातिवार सामनेही बंद पडून दोन वर्षे झाली होती.

येथे परत येणाऱ्यांनी जागा मागितली, आणि ती मागणे न्यायाचेच होते; कारण ती त्यांस जन्मामुळे नाकारलेली होती. तात्पर्य, ‘राहिलेल्यास उठवू नये’ ही लोकभावना उदात्त असली तरी आंधळी असू शकते. जागा कोणाची, कोणी दिली, कशासाठी दिली, हे विचारल्यावाचून तिला न्याय म्हणता येत नाही. आणि जन्माने संघ ठरण्याच्या त्या दिवसांशी तुलना करता, आजच्या खेळाडूस जाण्याचे व येण्याचे जे स्वातंत्र्य आहे ते कितीही बाजारी असले तरी आम्हांस अधिक माणुसकीचे वाटते. त्या स्वातंत्र्याची किंमत प्रेक्षकांच्या मनाला द्यावी लागते, इतकेच.

पुढील कथा सर्वांस ठाऊक आहे. 29 जून 2024 रोजी बार्बाडोस बेटावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारताचा कर्णधार होता रोहित आणि उपकर्णधार हार्दिक. दक्षिण आफ्रिका विजयाच्या उंबरठ्यावर असता हार्दिकने क्लासेनचा बळी घेतला. शेवटच्या षटकात 16 धावा हव्या होत्या आणि रोहितने चेंडू हार्दिकच्याच हाती दिला. पहिल्याच चेंडूवर मिलरचा उंच फटका सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर तोल सावरीत झेलला. भारत 7 धावांनी विजयी झाला, आणि एरवी हसऱ्या चेहऱ्याने हुर्यो सोसणारा हार्दिक मैदानावर रडू लागला. 4 जुलै रोजी मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक निघून वानखेडेस पोहोचली. तेथे रोहितने त्या षटकाविषयी हार्दिकचे कौतुक केले आणि मैदान त्याच्या नावाच्या जयघोषाने दुमदुमले. हुर्यो आणि जयघोष यांमध्ये अवघे 94 दिवस गेले होते.

लोकांचे मन पालटले ते केवळ विजयामुळे, असे आम्हांस वाटत नाही. एप्रिलमध्ये त्याचे स्मित लोकांस उद्दामपणाचे भासले होते. जूनमधील अश्रूंनी लॉच्या खाली घातलेल्या मानेचे काम केले. शिवाय जागांचा क्रमही लोकांच्या मनासारखा लागला होता: रोहित कर्णधार, आणि हार्दिक त्याच्या शब्दावर चेंडू टाकणारा. नेताजींची गोष्ट जणू पुन्हा घडली. परत आलेल्यास घर मिळाले, कारण राहिलेल्याची जागा राहिलेल्याकडे होती.

तथापि एक शल्य उरतेच. मिलरचा तो फटका आणखी थोडा लांब गेला असता तर? सूर्यकुमारचा तोल गेला असता तर? माणूस तोच, त्याचे कष्ट तेच, कर्णधारपद स्वीकारण्यातील त्याचा दोष, असलाच तर, तेवढाच. परंतु मग वानखेडे त्याला क्षमा करते ना. जी क्षमा एका झेलावर अवलंबून असते तिला क्षमा म्हणावयास आमची लेखणी धजत नाही. आणि तिच्या आधीच्या कोपासही न्याय म्हणवत नाही. ज्या चालकांनी निर्णय घेतला त्यांच्यापर्यंत आमचा आवाज पोहोचत नव्हता. जो समोर उभा होता त्याच्यावर आम्ही तो टाकिला.

4 जुलैच्या रात्री पुतण्या पुन्हा उशिरा आला, पुन्हा घसा बसवून. “काका, हार्दिकच्या नावाने असा ओरडलो!” तो पुटपुटला. सौभाग्यवतींनी काही न बोलता पाणी गरम करावयास ठेविले. त्यांचा एप्रिलमधील प्रश्न त्या घरात अजून तसाच पडला होता. आम्ही पुतण्याकडे पाहिले. त्याने मान खाली घातली, आणि आम्हीही.